देवापेक्षा उंच बसायचं कसं?

२ डिसेंबर ८४, रविवार
उजवा गुडघा आज पुन्हा सरळ होईना. सकाळी मोरीपर्यंत भिंत धरत गेलो. काल भजनाला बसण्याआधी केमिस्टकडची गोळी घेतली होती. पखवाज झकास वाजला, काही जाणवलं नाही. सौ.ने निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. म्हणाली, "तुमचा गुडघा सुट्टीचा वार बरा बघून दुखतो."

५ डिसें., बुध.
अंधेरीच्या हाडांच्या डॉक्टरकडे. सौ. सोबत.
"काम काय?"
"कारकून. दिवसभर खुर्चीवर."
"जमिनीवर बसता?"
"नाही."
सौ. मधेच, "अहो, शनिवारी तीन-तीन तास मांडी घालून पखवाज वाजवता, ते सांगा की!"
खरंच, ते माझ्या डोक्यातच नव्हतं. भजन म्हणजे देवाचं, ते दुखण्यात कोण धरतं? डॉक्टर हसला. आतली गादी झिजलीय म्हणे. गोळीने दुखणं कळत नाही, पण झीज चालूच राहते. मांडी बंद, उकिडवं बंद. मांडीचे स्नायू बळकट करायचे.
मांडी बंद म्हणजे पखवाज बंद. 

११ डिसें., मंगळ
व्यायाम सुरू. पायाला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ वर उचलायचा. वाळू वर्सोव्याहून आणली, तिथे बोंबील वाळत घालतात. खोलीभर वास. शेजारची मांजर माझ्या पायाशी येऊन बसली. सौ. हसून हसून बेजार.

२२ डिसें., शनि.
तिसरा शनिवार, भजनाला गेलो नाही. चाळीच्या दुसऱ्या टोकाकडून गजर ऐकू येत होता. ठेका कुणी नवखा धरत होता, सारखा सुटत होता. रडू आलं. पन्नाशीच्या माणसाला यावं तसं, तोंड फिरवून.
भजन संपल्यावर आमच्या मंडळाचे बुवा आले. "दत्ता, सव्वीस जानेवारीक पूजा. डबलबारी ठरली हा, समोर बोरिवलीचा मंडळ. तू नाय तर वाजवतलो कोण?"
मांडी बंद सांगितलं.
"मगे पाय लांब करून बस."
"देवाकडे पाय करून?"
"मगे बाकड्यार बस."
"देव खाली चौरंगावर, तुम्ही सतरंजीवर, आणि मी वर?"
बुवा चहा न घेताच गेले. मला वाटलं, संपलं.

६ जाने. ८५, रवि.
गुडघा बराच हलका. जिना न थांबता चढलो. डॉक्टर खूश, पण मांडीचं विचारलं तर मान हलवली. आता नाहीच. आनंद झाला आणि झालाही नाही.

१९ जाने., शनि.
तालमीला बोलावणं आलं. नुसता ऐकायला म्हणून गेलो. बघतो तर चौरंगाखाली लाकडी खोकी रचलेली, वर लाल कापड, देव पार माझ्या छातीएवढा उंच. समोर दोन बाकडी, एक मला, एक पखवाजाला.
बुवा म्हणाले, "देवाक वर घेतलंय. आता बस."
"आणि तुम्ही?"
"मी खालीच. तुझ्यापेक्षा खाली बसलंय म्हणून माझो आवाज बसाचो नाय."
टाळकऱ्यांत एकाने नाक मुरडलं, असं कधी झालं नाही म्हणाला. बुवांनी पेटीवर सूर धरला, विषय बंद. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावली. पहिली थाप पडली आणि... काय लिहू. दीड तास वाजवला. गुडघा एकदाही बोलला नाही. घरी आलो तर सौ.ने तोंड बघूनच ओळखलं. गोड शिरा केला.

२५ जाने., शुक्र.
उद्या. सौ.ने धोतराला इस्त्री केली. ती पुढच्या रांगेत बसणार आहे, चाळीतल्या बायकांना तसं सांगून आलीय. संध्याकाळी जिन्यात गुडघ्यात एक कळ आली, तिला बोललो नाही. उद्या तालमीच्या दुप्पट वेळ बसायचंय, काय होतं बघू.
डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना, समोरचा बुवा गाण्यातून चिमटे काढतोच. माझं बाकडं दिसलं की सोडणार नाही. बुवांना विचारलं, काय करायचं?
"मारूं दे टोमणे. तू जाग्यावरसून उठू नको."
म्हटलं, बुवा, उठायला मला तसाही वेळ लागतो.