रविवारची जादा पाळी

५ मार्च, सकाळी सव्वासहा. पाळी सुटली, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहितो आहे.

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

निकाल लागला. लेकीला दर रविवारी दहा ते पाच भेटता येईल. पोटगी महिना बारा हजार. न्यायाधीशबाईंनी आम्हा दोघांची मिळकत मांडली, तिच्या आईची शिवणकामाची आणि माझी कारखान्याची. माझ्या शेवटच्या तीन पगारपावत्यांची सरासरी निघाली छत्तीस हजार. मूळ पगार चोवीसच, तुला ठाऊक आहे. वकिलांची फी भागवायला त्या तीन महिन्यांत जादा पाळ्या केल्या आणि नेमक्या त्याच पावत्या हौसेने, तारीखवार टाचून दिल्या. बाप कामसू आहे हे कोर्टाला दिसावं म्हणून. दिसलं.

आता बारा भरायचे तर जादा पाळी हवी, आणि हंगाम सरल्यावर ती रविवारीच मिळते. रक्कम कमी करायचा अर्ज करता येतो म्हणे. त्याच्या फीसाठीही रविवारीच राबायचं, की पावती पुन्हा फुगलेली.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा भाऊ


२५ मार्च

चि. भाऊरायास, आशीर्वाद.

सांगितलेल्या गृहपाठाच्या दुप्पट करून नेणारा तू, दुसरं काय होणार होतं? लेकीच्या आईला शिवणवर्गात गाठलं. म्हणाली, तिने आठच मागितले होते, बारा कोर्टाने ठरवले. पण शाळेची फी वाढल्यावर नको कोणत्या तोंडाने म्हणू, असं तिचं म्हणणं. भांडली नाही. एवढंच म्हणाली की पोर रविवारी साडेनवापासून बूट घालून पायरीवर बसते. कालचा तिसरा रविवार.

मी पाच हजार पाठवते. तुझे भावोजी कुरकुरतील, मला ऐकू येणार नाही.

जेवत जा. पत्राची वाट पाहते.
तुझी ताई


१ एप्रिल, दुपारी एक. जेवणाच्या सुट्टीत.

ती. ताईस, नमस्कार.

पैसे खात्यावर पाठवू नकोस, तीही मिळकत धरतील. हसू नकोस.

काल रविवारच्या पाळीला मुकादमाला नाही म्हणालो. त्याने सांगितलं, आणखी एकदा नाही म्हणालास तर जादा पाळीच्या यादीतून नाव कटेल. वकील म्हणतात, तसं झालं तर मुद्दाम मिळकत घटवली असं कोर्ट म्हणू शकतं.

लेकीसाठी कारखान्यातलं मोठं खोकं नेलं होतं. बागेत ती त्यात बसली, मलाही बसवलं. दोघं मावलो, पण झाकण काही लागेना. बूट तिने दिवसभर काढले नाहीत. निघताना विचारत होती, पुढच्या रविवारी पाळी आहे का. बघतो म्हणालो.

लोभ आहेच, तो तेवढा पावतीवर येत नाही.
तुझा भाऊ

ता. क. कालचा हिशेब.
खर्च: बसभाडं चाळीस, दूध-बिस्किटं साठ. खोकं फुकट.
देणं: पोटगीत कमी पडणारे पंधराशे. वकिलांचे मागचे तीन हजार.
लेकीचे रविवार: थकलेले तीन. कालचा कालच्यात गेला.