वेणाकाठ क्लबात काळी गोळी बंद

मी, जयवंता, कै. लक्ष्मणराव कलोडे यांची पत्नी, राहणार हिंगणघाट, जिल्हा वर्धा, हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टर प्रभाकररावांनी मला तपासून तसे लिहून दिले आहे, कारण माझे दीर भैयाजी गावभर सांगतात की नवरा गेल्यापासून मला वेड लागले. वकिली शब्द प्रेमदास रामटेके यांनी सांगितले, बाकीचे माझे. याआधीचे माझे मृत्युपत्र म्हणून कोणी काही पुढे केले तर ते खोटे समजावे.

कलम १. घरामागचे दालन माझ्या वडिलांनी लग्नात माझ्या नावे केले. कलोडे घराण्याचा त्यावर हक्क नाही. यजमानांनी ते वेणाकाठ क्लबाला वापरायला दिले होते. कापसाचे दलाल, वकील आणि जिनवाले तिथे संध्याकाळी पत्ते आणि बिलियर्ड खेळत. नवा सभासद घ्यायचा तर प्रत्येकाने झाकलेल्या पेटीत पांढरी किंवा काळी गोळी टाकायची. एक जरी काळी निघाली तरी माणूस बाहेर. कोणी टाकली ते विचारायचे नाही. बायकांनी वरांड्याच्या पुढे जायचे नाही. चहा मात्र माझ्या स्वयंपाकघरातून जाई.

कलम २. यजमान कसे मेले हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत, असे प्रेमदास म्हणतात. कोर्टात ते कोणी ऐकून घेतले नाही, म्हणून इथे लिहिते.

१९५७ च्या दिवाळीनंतर यजमानांनी प्रेमदास यांचे नाव सभासदत्वासाठी सुचवले. आदल्या वर्षी त्यांच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला होता आणि त्यांनी इथल्या कोर्टात नुकतीच वकिली सुरू केली होती. पेटीतून एक काळी गोळी निघाली. यजमान अध्यक्ष होते. ते उभे राहून म्हणाले, "हा नियमच आज बदलून टाकू. ज्याले बहुमताचा नियम पाहिजे, त्यानं हात वर करावा." मी खिडकीतून पाहत होते. निम्म्याहून जास्त हात वर गेले.

भैयाजींनी बिलियर्डची काठी उचलली. "हात खाली करा, नाई तं तोडून टाकीन!" असे ओरडून त्यांनी त्या हातांवरच काठी चालवली. हाडे वाजली, हात खाली आले. यजमानांचा एकट्याचा वर राहिला. तेव्हा भैयाजींनी काठी उलटी धरून जाड टोकाने सख्ख्या भावाच्या कानशिलावर घाव घातला, आणि ते पडल्यावर पुन्हा घातला. प्रेमदास वरांड्यात थांबले होते, ते आत धावले. त्यांनाही भैयाजींनी पाडून लाथांनी तुडवले. एका कानाने त्यांना आज ऐकू येत नाही.

मी मुसळ घेऊन आत गेले आणि भैयाजींचे कोपर फोडले. "वहिनी, सोडा!" असे ते ओरडले. मी त्याच जागी आणखी मारले. त्याबद्दल कोर्टाने मला शिक्षा केली आणि मी ती भोगली. पुन्हा तशी वेळ आली तर मी कोपर शोधत बसणार नाही.

सभासद पळाले. प्रभाकरराव तेवढे राहिले. प्रेमदासांनी रक्ताने भरलेल्या तोंडाने यजमानांना पाठीवर घेतले आणि दवाखान्यात नेले. तिथे यजमानांनी मला विचारले, "मतं मोजले काय वो?"

मी म्हटले, "मोजले. नियम पास झाला."

ते ऐकून त्यांनी प्राण सोडला.

खटल्यात एकेक सभासद शपथ घेऊन सांगून गेला की लक्ष्मणराव घसरून टेबलाच्या कोपऱ्यावर पडले. प्रभाकररावांनी खरे सांगितले, म्हणून त्यांना क्लबातून काढले. भैयाजी सुटले. मी दालनाला कुलूप घातले.

कलम ३. ते दालन मी नव्या क्लबाला देते. व्यवस्था प्रभाकरराव आणि जिनातले फिटर नत्थूजी यांनी पाहावी. या गावचा कोणीही प्रौढ माणूस, बाई असो वा पुरुष, कोणत्याही जातीधर्माचा, अर्ज करू शकेल. मत हात वर करूनच द्यायचे. बहुमत पुरे. विरोध करणाऱ्याने अर्जदाराच्या तोंडावर कारण सांगायचे. सभेत कोणी कोणावर हात उगारला तर तो त्याच क्षणी बाहेर. त्याच्यासाठी मत घ्यायचे नाही.

प्रेमदासांना मी याच कागदाने सभासद करणार होते. ते ऐकेनात. "काकू, तुमच्या मेहरबानीनं मी मेंबर नाई होत. हात वर होऊन होईन, नाई तं वरांड्यातच उभा राहीन."

कलम ४. भैयाजींना माझ्याकडून काहीही नाही. गेल्या आठवड्यात त्यांची माणसे कुऱ्हाडी घेऊन दालनाचे दार फोडायला आली होती. नत्थूजींनी लोखंडी पहारीने एकाची नडगी मोडली तेव्हा ती परत गेली. मी जळून, बुडून किंवा पडून मेले तर पोलिसांनी हा कागद आधी वाचावा. माझ्या तिरडीला भैयाजींचा खांदा नको. ते आले तर तिरडी खाली ठेवावी आणि ते निघून जाईपर्यंत उचलू नये.

कलम ५. यजमानांच्या मागे माझ्या मालकीचे झालेले राहते घर मी माझी जाऊ कांता, भैयाजींची बायको, हिला पूर्ण मालकीने देते. कारण असे.

परवा दुपारी दालनाचे कुलूप काढून नव्या नियमाने पहिली सभा भरवली. प्रेमदासांच्या अर्जावर मत घ्यायचे होते. मागच्या दाराने कांता आली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याशी खाली मान घालून बोले. ती म्हणाली, "बाई, माहा बी हात मोजजा." आधी तिला सभासद करून घेतले, मग तिचा हात मोजला. प्रेमदास एकमताने सभासद झाले. कांता घरी गेली.

आज सकाळी ती परत आली. तोच हात खांद्यातून उखडला होता आणि ओठ फाटला होता. प्रभाकररावांनी खांदा बसवला.

हे लिहीत असताना भैयाजी बाहेर दारावर लाथा मारून राहिले आहेत. नत्थूजी पहार घेऊन दाराशी उभे आहेत. भैयाजींची हाक आम्हा सगळ्यांना ऐकू आली: "कांते, भाईर ये!"

कांता उठून दाराजवळ गेली. कडीला तिने हात लावला नाही. "नाई येत," ती म्हणाली. "आता इथंच राहीन."

वरील मजकूर मी कोणाच्या दडपणाखाली लिहिलेला नाही. दारावरच्या लाथांना मी दडपण समजत नाही.

सही: जयवंता लक्ष्मणराव कलोडे

आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली:
साक्षीदार १. डॉ. प्रभाकरराव देशकर
साक्षीदार २. नत्थूजी भोयर, फिटर

हिंगणघाट, ११ फेब्रुवारी १९५९