झाकण लावून घेतलेला फोटो

११ फेब्रुवारी, बुधवार

आले एकदाची. आगरदांड्याहून दिघीला येताना फेरीबोटीवर दुर्बिणीची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. तिकीटवाल्यानं विचारलं, बाळ आहे का आत. म्हटलं, बाळच समज, रात्रभर जागतं. बोर्ली पंचतनच्या बाजारात तांदूळ, बटाटे, सुके बोंबील घेतले आणि दुपारी माळावरच्या या खोलीत पोचले. अठरा वर्षं पनवेलच्या एका दवाखान्यात लोकांचे एक्स-रे काढतेय. सलग पंधरा दिवस रजा पहिल्यांदाच मिळाली.

खोली भागोजींची. ते आणि आवडाबाई खाली वाडीत राहतात. चावी देताना दोघांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे होते. मी आधीच बजावलं की रात्री बाहेर दिवा नको, माझे फोटो बिघडतात. भागोजी म्हणाले, अवसेच्या मागं-पुढं आठ दिस वाडीत भायेर दिवा लागतच न्हाय. माळाच्या बाजूच्या खिडक्याही सगळ्यांनी चिरे लावून बुजवल्यात. म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं माझं. मग त्यांनी एक अट घातली. वर काय बघायचं ते बघा, पण ते खाली आणून कुनाला दाखवायचं न्हाय, पोरांना तर न्हायच. जसं काही मी वाईटसाईट सिनेमे घेऊन आलेय. चावी हातात होती म्हणून गप्प बसले.

एकवीसला, शनिवारी, प्राप्ती येणार. माझी लेक, अकरा वर्षांची, विनेशकडे असते. घटस्फोटाला दोन वर्षं झाली, त्यानंतर पहिल्यांदा ती माझ्याकडे मुक्कामाला येतेय. हो म्हणायला विनेशनं सहा महिने लावले. ती येईपर्यंत मला एक तरी चित्र पुरं करायचंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन्ही रात्री आकाश धुतल्यासारखं होतं. सिंह राशीत, सिंहाच्या मानेपाशी चार दीर्घिकांचा एक गट आहे. डोळ्यांना तिथे काहीही दिसत नाही, नुसता काळोख. पाच-पाच मिनिटांचे शंभरावर फोटो काढायचे, संगणकावर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे चार फिकट पिसं वर येतात. एकेका पिसात अब्जावधी तारे. हा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. कोट्यवधी वर्षं चालून तो माझ्या एवढ्याशा कॅमेऱ्यात येऊन पडला. आज सकाळी चौघं पडद्यावर उमटले आणि मी चक्क रडले. उठसूट रडणारी बाई नाही मी. घटस्फोटाच्या दिवशी कोर्टाबाहेर उभी राहून वडापाव खाल्ला होता.

एक काम मात्र टाळलं. दुर्बिणीला झाकण लावूनही काही फोटो घ्यायचे असतात. त्यात कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कळतात आणि मग ते खऱ्या फोटोतून वजा करता येतात. पण त्यात रात्रीचे दोन तास जातात. मी डिसेंबरात पनवेलला घेतलेले जुनेच वापरले. सगळेच वापरतात.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चार नाहीत, पाच आहेत. खालच्या कोपऱ्यात एक गोल, फिकट डाग. कुठल्याही नकाशात नाही. दीर्घिका असती तर नकाशात असती, म्हणजे धूमकेतू असणार. आणि कुणी आधी पाहिला नसेल तर?

खोलीवर रेंज नाही, म्हणून तडक बोर्लीला गेले. डागाभोवती लाल गोल काढून प्राप्तीला फोटो पाठवला, लिहिलं की नवा निघाला तर तुझं नाव देऊ. तिनं उत्तरात एकवीस लाल बदाम पाठवले. मी मोजले. भागोजींची अट आठवली, पण ती त्यांच्या वाडीपुरती. माझ्या पोरीला काय दाखवायचं हे ते कोण ठरवणार?

१६ फेब्रुवारी, सोमवार

डाग मोठा झालाय. चौघांच्या जवळ सरकलाय.

पण काहीतरी जुळत नाही. धूमकेतू रात्रभर हळूहळू सरकतो. हा पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत एकाच जागी बसून असतो आणि दुसऱ्या रात्री भलतीकडेच सापडतो. म्हणजे हा दिवसा सरकतो, दुर्बिणीला झाकण असताना.

विहिरीवर गेले तर बायकांनी कळशा अर्धवट सोडून पाठ फिरवली. भागोजी दूध ठेवायला आले तेही उलट्या पावली, पाठ माझ्याकडे करून. नमस्कार केला तर उत्तर नाही. असल्या माणसांच्यात शनिवारी पोरीला आणायचं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. अवस

आज झाकण लावून वीस फोटो घेतले.

वीसच्या वीस फोटोंत तो आहे.

दवाखान्यात नव्या पोरांना मीच शिकवते. दहा पेशंटांच्या छातीत एकाच जागी डाग दिसला तर पेशंटला औषध देऊ नका, एक्स-रेची कॅसेट उघडून बघा. आणि मीच पहिल्या रात्री दोन तास वाचवले. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. कॅमेऱ्यावरच्या कचऱ्याला लेकीचं नाव देत होते. कॅमेरा उघडला, पुसला, फुंकर मारली. मग आठवलं की धूळ काळी दिसते. हा उजळ आहे.

१८ फेब्रुवारी

कॅमेरा दुर्बिणीवरून काढला. झाकण, काळं फडकं, पेटी, वर गोधडी. भरदुपारी. एक फोटो घेतला.

अर्धा पडदा भरलाय. मधोमध काळा गोल, डोळ्यातल्या बाहुलीसारखा. दुसरा फोटो घेतला, बाहुली डावीकडे. मी खोलीत डावीकडे उभी होते. उजवीकडे गेले—

तिसरा फोटो घ्यायला नको होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कॅमेऱ्यातली बॅटरी काढली, तो विहिरीत टाकला. उपयोग नाही. डोळे मिटले की तो डाग दिसतो. आतून. झाकण लावलं तरी दिसतो तसाच पापणी लावली तरी.

आवडाबाईंकडे गेले. त्यांनी दार उघडलं नाही, दाराआडून बोलल्या. म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांनी पाहिलं होतं. वीस वर्षं जवळ बाळगलं, कुनाला दाखवलं न्हाय, त्यांच्याबरोबर मेलं. एकाजवळ राहिलं की ते उपाशी मरतं, दुसऱ्याला दाखवलं की जगतं. तू एकटी हायेस ते बरंय, म्हणाल्या, आता मरेस्तोवर एकटीच ऱ्हा. मग विचारलं, कुनाला दाखवलंस का?

मी म्हटलं, नाही.

एकवीस बदाम. बाई गं.

२० फेब्रुवारी

झोप नाही. डोळे उघडे ठेवते, चुरचुरतात. शेवटी बंद होतात, आणि तो—

बोर्लीला जाऊन विनेशला फोन केला. प्राप्तीला आणू नकोस म्हटलं, मला बरं नाही. वाटलं, माझ्यामुळे तिनं ते पुन्हा तरी बघायला नको. आता कोर्टात त्याला हेच पुरेल, आईनंच नको म्हटलं. पोर आयुष्यभर हेच लक्षात ठेवेल. ठेवू दे.

तो ओरडला नाही. घाबरलेला होता. प्राप्ती तीन रात्री झोपली नाही म्हणाला. डोळे मिटायला तयार नाही. दिवसा मात्र खुशीत असते. आईचा फोटो सगळ्या वर्गाला दाखवला. बाईंना दाखवला. माझ्या आईनं शोधलाय म्हणून सांगते.

विचारलं, तू पाहिलास?

त्यानं विषयच बदलला. मग म्हणाला, उद्या सकाळच्या फेरीनं येतोय. ती तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. मी नको नको म्हणत राहिले. रेंज गेली होती.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दिघीच्या धक्क्यावर. पावणेदहा. येऊ नका म्हणून नऊ फोन केले. तो उचलत नाही.

फेरी निघाली तिकडून. दिसतेय.

ती आली की मोबाइल काढून घ्यायचा. समुद्रात. मग तिला कुशीत घेऊन बसायचं. आम्ही दोघी. बाकी कुणी नको.

पुढच्या कठड्याशी लाल फ्रॉक. तीच. हात हलवतेय. मलाही हसू आलं, देवा, दोन वर्षांनी ती माझ्याकडे राहायला—

हातात मोबाइल आहे. कुणाला तरी दाखवतेय. एक बाई वाकून बघतेय. एक म्हातारा. दोन कॉलेजची पोरं. तिकीटवाला. ती माझ्याकडे बोट दाखवतेय, ती बघा माझी आई, अभिमानानं—

मी ओरडतेय, इंजिनात ऐकू जात नाही.

बाई डोळे चोळतेय. म्हातारा चोळतोय. सगळे. आता हात खाली केले. सगळ्यांनी डोळे मिटलेत आणि तोंडं या काठाकडे—

प्राप्ती, मोबाइल खाली कर, बाळा, खाली—