पुरवून ओढलेली सिगार

१४ नोव्हेंबर
दुकान बंद केल्यावर

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच, ते मिळाले असं धरून चाल. माझं बरं आहे. थंडीत गुडघा कुरकुरतो, पण शिवणयंत्र त्याच गुडघ्याच्या जिवावर चालतं, त्यामुळे त्याला रजा नाही. सध्या एका शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवायला आलेत. मरून मखमल, ओल्या घोंगडीसारखी जड. मी आणि काजं-बटणं करायला ठेवलेली माझी काजवाली दोघी मिळून एक पडदा उचलतो आणि दोघी मिळून त्याच्याखाली सापडतो. काल ती आतून ओरडली, "बाई, आपल्याला शोधायला एक माणूस ठेवा आता." गिऱ्हाईक दारात उभं. ते हसावं की पळावं या विचारात पडलं.

तुझं पत्र मिळालं. फोनवर "हं, बरं, ठेवतो" एवढ्यात आटपणारा माणूस चार पानं लिहितो म्हणजे प्रकरण साधं नाही, हे पाकीट जाड लागलं तेव्हाच ओळखलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

तू लिहितोस की मुलांना एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं की ती लपून करतात, म्हणून आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या हाताने, मापात द्यावी. म्हणून तू ठकीला सोळावं लागल्यापासून महिन्यातून एका रविवारी आपल्याबरोबर गॅलरीत बसवून एक सिगार ओढू देतोस. तिला त्यातलं बरंवाईट कळेल, हौस फिटेल, बाहेर कुणी चिथवलं तर ती भुलणार नाही. वाचायला सगळं सुरेख आहे. तू पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बसतोस, दिवसभर कुठल्या भागाला किती पाणी सोडायचं ते ठरवतोस, त्यामुळे घरातही चावी इतकी फिरवली की इतकंच येणार असं तुला वाटत असावं. माझं शिक्षण किती ते तुला ठाऊक आहे. जे वाचलं ते गिऱ्हाइकांनी पडदे गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्रांत. पण पोरीची छाती म्हणजे नळ नव्हे, एवढं मला कळतं.

आणि आता तुला घोर लागलाय की ठकी म्हणते महिन्यातून एकदा नको, दर रविवारी बसू या. "ताई, हे व्यसन म्हणायचं का?" असं तू विचारलंस. त्याच्याच खाली तू मोठ्या कौतुकाने लिहिलंस की ती तुझ्यापेक्षा सावकाश ओढते, तुझी संपली तरी तिची उरलेली असते, पोरीला हाव म्हणून नाही. मग हाव नाही तर जास्त का मागते, या कोड्यात तू पडला आहेस.

सुट्टीत ती माझ्याकडे राहिली त्याबद्दल तू काही विचारलं नाहीस, मीच सांगते. गुणी आहे. सकाळी माझ्याआधी उठायची, पडद्यांना कड्या लावून द्यायची. काजवालीशी तिची गट्टी जमली. ती हिला "कॉलेजवाल्या बाई" म्हणायची आणि ही तिला "मॅनेजर". खाण्याच्या नावाने मात्र चिमणी. एके दुपारी आम्ही दोघीच होतो, तेव्हा तिने मला एक गोष्ट विचारली. ते असो. ते तिचं माझं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की बंद कर. आठवड्याची नको, महिन्याचीही नको. थोडी काय आणि जास्त काय, सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात बापाने ती द्यावी हे मला पटत नाही. तुझी तू सोडलीस तर दुधात साखर, पण ते मी वीस वर्षं सांगतेय. कारण विचारू नकोस. आणि बंद करशील तेव्हा तिच्याशी जरा बोलत जा. संध्याकाळी बस तिच्याजवळ.

यंत्रात तेल घालायचं राहिलंय. थांबते.

तुझी
ताई


११ डिसेंबर

धाकट्या,

आज दुकानाचं, गुडघ्याचं काही लिहीत नाही. तुझं पत्र दुपारी आलं. शिवण तशीच सुईखाली टाकून बसले आहे. काजवालीला म्हटलं, तू जा घरी. ती माझं तोंड बघून काही न बोलता गेली, आणि ती न बोलता जाते म्हणजे माझं तोंड कसं असेल बघ.

तू लिहितोस की मी सांगितलं तसं केलंस. सिगारची पेटी बाहेरच्या कचऱ्यात टाकलीस, गॅलरीतल्या दोन्ही खुर्च्या उचलून आत आणल्यास, ठकीला सांगितलंस की आता पुरे. तिने मान हलवली. तुला वाटलं, किती समंजस पोरगी. आणि परवा तू कचेरीतून लवकर आलास तर ती गॅलरीत, उघड्या फरशीवर, अंगात स्वेटर नाही, हातात सिगार. कचऱ्यातून काढून आणलेली. तू हात उगारलास. उगारलास की मारलंस ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. पुढे लिहितोस, "ताई, तुझं खरं ठरलं. मापात वगैरे काही नसतं. पुढच्या महिन्यापासून तिला वसतिगृहात ठेवतो, तिथे शिस्त आहे."

माझं खरं ठरलं असं म्हणू नकोस. मी तुला अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं अर्धं तिने मला शपथ घालून पोटात ठेवायला सांगितलं होतं, ते आज बाहेर काढते आहे.

त्या दुपारी ती कड्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्या, सिगार ओढल्यावर मळमळतं, त्यावर काय घेतात?"

मी म्हटलं, "त्यावर सिगार न ओढणं घेतात."

हसली. मग म्हणाली, "तसं नाही गं. मला दर वेळी उलटी होते. नळ सोडून ठेवते, बाबांना ऐकू जात नाही. पण आता आठवड्याला करायचं तर काहीतरी उपाय पाहिजे ना."

मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, "अगं वेडे, उलटी होते तर जास्त कशाला मागतेस?"

तर तिने कसं सांगितलं बघ, अगदी हिशेबी माणसासारखं. म्हणाली, "बाबा घरात माझ्याजवळ बसत नाहीत. जेवताना मोबाइल, नंतर बातम्या, नंतर झोप आली म्हणतात. पण गॅलरीत गेले की बसतात. आईला घरात वास चालत नसे म्हणून ते अजून दार ओढून घेतात. एकदा पेटवली की संपेपर्यंत उठता येत नाही. हातात मोबाइल धरता येत नाही. आणि तिथे ते आईबद्दल बोलतात."

"काय बोलतात?"

"काहीही. ती भांडायची कशी. तिला घाटाची भीती वाटायची ते. एकदा तिने बाबांच्या साहेबाला फोनवर झापलं, तिला वाटलं भंगारवालाच बोलतोय. हे सगळं मला माहीतच नव्हतं, आत्या. घरात तर ते तिचं नावही घेत नाहीत."

मी म्हटलं, मग बापाला सरळ सांग की मला आवडत नाही, नुसती तुमच्याजवळ बसते. ती इतकी घाबरली की कड्यांचा डबा सांडला. "नको, नको. ते म्हणतील, बरं, मग नको ओढूस. आणि उठून आत जातील. त्यांची माझ्याआधी संपते. माझी उरली की ते थांबतात, म्हणतात, सावकाश होऊ दे. म्हणून मी पुरवून पुरवून ओढते. फार वेळ ओढली नाही तर ती विझते, म्हणून अधूनमधून झुरका घ्यावाच लागतो. तेवढाच घेते."

तुला जी पोरीची शिस्त वाटली ती ही होती, धाकट्या. तिला हाव होती. सिगारची नव्हती.

आपली आई गेली तेव्हा तू रांगत होतास, तुला काही आठवणार नाही. आपले बाबाही असेच मुके झाले होते. रोज संध्याकाळी अंगणात फळ्या कापत बसायचे आणि मी फळीचं दुसरं टोक धरून उभी राहायचे. मला सुतारकामाचं कसलं वेड? टोक धरलं की बाबा म्हणायचे, "घट्ट धर," आणि दिवसभरात माझ्याशी बोललेले तेवढेच दोन शब्द असायचे. घरात गरज नसलेली कपाटं झाली. पण फळी धरून माझ्या हाताला फारतर कुसळ लागलं. तुझी पोर तुझ्याजवळ बसायला विष गिळत होती, आणि ते तिला तू मापात देत होतास.

म्हणून मी बंद कर म्हटलं. त्यात मी चुकले असं मला आजही वाटत नाही. तो धूर तिच्या पोटात एक दिवसही जायला नको होता. पण शपथेला जागले आणि कारण लिहिलं नाही, त्यामुळे तू धुराबरोबर खुर्च्याही उचलल्यास. तिने सिगार सोडायला मान हलवली असं तुला वाटलं. गेल्या रविवारी तिचा मला फोन आला होता. म्हणाली, "बाबांनी खुर्च्या आत आणल्या." मी म्हटलं, हो का. मग, "तू सांगितलंस का काही?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाली आणि ठेवला. तुझ्यासारखाच ठेवला.

आता परवाचं. तू पत्रात चिडून लिहिलंस की एवढी निर्ढावली आहे की सिगार धड ओढतही नव्हती, नुसती वाया घालवत होती, टोकाला जेमतेम काळी झालेली आणि पुढ्यातल्या बशीत जळक्या काड्यांचा ढीग. ते वाक्य परत वाच. झुरका घेतला नाही तर विझते, हे तिला ठाऊक आहे. ती ओढत नव्हतीच. विझली की पुन्हा पेटवत होती. तुला विचारलं तर तुझ्या डोक्यात लगेच व्यसन येईल, पण मला त्या काड्या दिसल्या तशा सांगते. जिथे तिची आई अजून कुणाशी तरी भांडते, कुणाला तरी फोनवर झापते, त्या जागेचा वास तिला हवा होता. तू नव्हतास, म्हणून तिने एकटीने तो लावून पाहिला.

आणि त्यावर तू हात उगारलास. आणि आता वसतिगृह. पहिल्यांदा सिगार काढून घेतलीस, मग खुर्ची, आता घर.

तू मुद्दाम करतोस असं माझं म्हणणं नाही. तुलाही हातात काही असल्याशिवाय तिच्या आईबद्दल बोलता येत नाही, हे मला दिसतं. तुला धुराचा आडोसा लागतो. ठकीची आई गेल्यावर तू माझ्यापुढेही रडला नाहीस, "कागदपत्रं बघायची आहेत" म्हणून उठलास. पण ठकीला कुठून कळावं की बाबा घाबरतात? तिला एवढंच दिसतं की बाबा उठून जातात.

वसतिगृहाचा अर्ज दिला असशील तर परत घे. दिला नसशील तर फाड. खुर्च्या गॅलरीत नेऊन ठेव. सिगारशिवाय बस. पहिल्या दिवशी काही बोलता येणार नाही, हात कुठे ठेवावे ते कळणार नाही, दोघांनाही मरणाचं अवघड होईल. मी काही गोड सांगत नाही. कदाचित ती म्हणेल, आता कशाला. कदाचित येणारच नाही. तरी बस. दार ओढून घे आणि तिच्या आईचं नाव घेऊन सुरुवात कर, भंगारवाल्यापासून कर हवं तर. थंडी आहे, तिला स्वेटर घालायला सांग.

एक राहिलं. हे तुला कुठून कळलं ते तिच्यापासून लपवू नकोस. आत्याने शपथ मोडली म्हणून सांग. ती माझ्याकडे परत कड्या लावायला येणार नाही, फोन करणार नाही, हे धरूनच मी हे पाकीट बंद करते आहे. माझ्यावर रागावून का होईना, ती तुझ्याजवळ बसली तर माझी काही तक्रार नाही.

तुझी ताई,
आणि उद्या हे तिला कळेपर्यंत
ठकीची आत्या