आजोबांच्या रायफलीची नवी नळी

मोंटाना, ८ जुलै

ती. लोरीन आत्यास,

सिग्नेचा नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल आणि काकांचा रक्तदाब ताळ्यावर असेल, असं धरून चालते. इकडे सगळे ठीक. आजोबाही ठीक आहेत. निदान ते तसं रोज बजावतात.

एकतीस वर्षं अर्ज केल्यावर यंदा सोडतीत त्यांना रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला, हे तुला कळलंच असेल. एक मेंढा, एक हंगाम, पंधरा सप्टेंबरपासून. वय अठ्ठ्याहत्तर, त्यामुळे पुढच्या सोडतीचा विषय घरात कुणी काढत नाही. परवाना आला त्याच आठवड्यात त्यांनी रायफल काढली आणि शंभर यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या. दोन निशाणाच्या फळीवर लागल्या, एक शेजारच्या फळीवर (ती ऑर्विल हॅगेनची, त्या दिवशीचा त्याचा सर्वांत चांगला नेम तोच ठरला), आणि उरलेल्या दोन अजून प्रवासात आहेत. आजोबांनी रायफल खाली ठेवली आणि निकाल दिला: नळी गेली.

ही नळी चार वर्षांपूर्वी मी बसवलेली आहे. बंदुकीच्या कारागिरीचं शिक्षण संपवून आल्यावरचं माझं पहिलं काम. (अक्रोडाचा दस्ता त्यांनी स्वतः कोरलाय, त्यामुळे दोष दस्त्यात असूच शकत नाही.) तिच्यातून आजवर दोनशे चौदा गोळ्या गेल्या, अशी नळी दोन हजारांपर्यंत कुरकुरत नाही. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कागदावर बरोबर असेल, पोरी." आता डेल्माच्या खानावळीत सकाळच्या कॉफीबरोबर 'सिग्नेची नळी' हाच विषय असतो. गेल्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं माझ्या दुकानात आली आणि दुरुस्तीला दिलेल्या रायफली "सहज" परत घेऊन गेली. मला राग आलेला नाही. नोंद म्हणून लिहिते.

मग नवी नळी निवडणं आलं. कड्यांवर चढायचंय म्हणून मी बारीक, बावीस इंची सुचवली. आजोबांना जाड, सव्वीस इंची हवी. म्हणजे पावणेदोन पौंड जास्त. डेल्मा आजोबांना म्हणाली, "हॅल्वर, एवढी जाड घेतलीस तर मेंढ्यालाच खाली बोलवावं लागेल." आजोबा म्हणाले, "आधी तुझी कॉफी जाड कर." ऑर्विलचं मत असं, की स्टेनलेसची नळी उन्हात चमकते आणि मेंढा सावध होतो. (ऑर्विलला मेंढा कधी दिसलेला नाही. मेंढ्यांना ऑर्विल दिसत असावा.) पाद्रीबुवांनी नळीच्या आतल्या खाचांना पीळ किती असावा ते सांगितलं, ते मात्र बरोबर होतं. तीन आठवडे खल झाल्यावर मी चोवीस इंची, मध्यम जाडीची, चमक नसलेली नळी मागवली. कुणालाच पसंत नाही, म्हणजे निवड योग्य असावी. दहा ऑगस्टला येईल, वीसपर्यंत बसवून देईन.

काकांना नमस्कार सांग. कंबरेला जप.

तुझी,
सिग्ने

ता. क. नळी मागवण्याच्या आदल्या दिवशी मी ती रायफल स्वतः चालवून पाहिली. शंभर यार्ड, तीन गोळ्या. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली जातात. आत कॅमेरा घालून पाहिलं, नळी नव्यासारखी आहे.

ता. क. २. मग मी आजोबांना भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख विचारली. त्यांनी नीट निरखून बरोबर सांगितली. कॅलेंडर मी आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. उजव्या डोळ्यात दुधी झाक दिसते, मोतीबिंदू असावा. तू डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला आहेस, तर याच महिन्यात त्यांना वेळ मिळवून दे. पत्र खरं म्हणजे यासाठीच. नळी येईपर्यंत तुम्ही रिकामेच आहात, तेवढ्यात दाखवून जा, असं म्हण. माझं नाव नको.

ता. क. ३. डोळा बरा झाला की ऑगस्टअखेर त्यांचा नेम लागेल, आणि दोष सिग्नेच्या नळीतच होता असं ते डेल्माकडे सगळ्यांना सांगतील. सांगू देत. तुला कुणी विचारलं तर तूही तेच सांग. जुनी नळी भंगारात टाक म्हणालेत. मी हो म्हटलंय. ती मी माझ्या रायफलीवर बसवणार आहे. चांगली नळी आहे.