एकत्र उपचार

ता. ३ जून

चि. डॉक्टर ठकूस,
अ. उ. आ.

तुझ्या खोलीची पाटी आज पार्सलने धाडली. अक्षरं हाताने रंगवली आहेत. दोन अक्षरांमधली जागा पट्टीने नाही, डोळ्याने मोजायची असते. हे मला कोणत्या शाळेने शिकवलं नाही, म्हणूनच नीट येतं.

इतकी वर्षं फॅमिली डॉक्टरकी केलीस. गोळी लिहून देताना माणसाची झोप, भूक, श्वास, घरातली कटकट, सगळं विचारत राहिलीस. आता तेच शिकवायला मेडिकल कॉलेजने बोलावलंय, तर दारावर छापील प्लास्टिक का असावं? एका सत्रापुरतं का असेना. पुढचं तुझे विभागप्रमुख ठरवोत.

तू कळवलेला शब्द किंचित सोपा केला आहे. मनगट ठीक आहे, त्याबद्दल विचारू नये.

लोभ ठेव आणि पाटी सरळ ठोकून घे.
तुझा दादा


ता. १२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाटी पोचली. सुंदर आहे, म्हणून राग जास्त येतो. मी ‘एकात्म उपचार’ लिहून पाठवलं होतं. तू ‘एकत्र उपचार’ रंगवलंस. एकात्म म्हणजे गोळी, आहार, व्यायाम, मालीश यांचा मेळ घालून एका माणसाला दिलेला उपचार. आणि एकत्र म्हणजे? दारावरचा रखवालदार सगळ्यांना सांगतो, इथे अख्ख्या घराने मिळून यायचं असतं.

काल गुडघेदुखीच्या एक बाई आल्या. बरोबर नवरा, सासू आणि नणंद. माझे सात विद्यार्थी भिंतीला टेकून उभे. नणंदेने स्वतःची पाठही दाखवून घेतली. विभागप्रमुखांनी दारातून डोकावून विचारलं, की हा दवाखाना आहे की वाटणीची बैठक.

दादा, हसू नकोस. श्वास मोजायला शिकवणं म्हणजे शास्त्र नव्हे, असं त्यांचं मत आधीपासून आहे. सत्र संपल्यावर त्यांनी हा वर्ग बंद केला, तर मला माझा दवाखाना आहे. पण ही पोरं पुन्हा आजार तेवढा बघतील आणि माणूस बाजूला ठेवतील. म्हणून दुसरी पाटी पाठव, शब्द जसाच्या तसा.

राग पाटीवर आणि लोभ तुझ्यावर, दोन्ही आहेत तसेच राहू देत.
तुझी ठकू


ता. २५ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

बदलायला हरकत नाही, पण आधी चूक दाखव. ‘त्म’ या जोडाक्षरावर लांबून वाचणाऱ्याचा डोळा अडखळतो. शिवाय ‘एकात्म’ वाचून आत कोणी प्रवचनाला बसलंय असं वाटतं. मी समोरच्या शिंप्याला, चांभाराला आणि तुझ्या वहिनीला विचारलं. ‘एकत्र’ तिघांना कळलं, ‘एकात्म’ एकालाही नाही.

नव्या पाटीला वेळ लागेल. रंग वाळत नाही. तोवर खुर्च्या मागवून घे.

लोभ वाढवलास तरी चालेल.
तुझा दादा

ता. क. ताई, ही वहिनी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. रंग कसला वाळत नाही, यांना ब्रशच धरवत नाही. शेजाऱ्याने दिलेली झाडपाल्याची पुडी खातात, वर दुकानातली दुखण्याची गोळी. मी कळवलं म्हणून सांगू नका.


ता. ८ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जूनपासून तीनदा ये म्हणून लिहिलं, दर वेळी तू पावसावर ढकललंस. परवा वर्गात एक आजोबा आले. उभं राहिलं की चक्कर. विद्यार्थिनीने विचारलं, रक्तदाबाच्या गोळीशिवाय आणखी काय घेता? आजोबा म्हणाले, काही नाही. खोटं नव्हते बोलत. डॉक्टर देतो तेच औषध, असा त्यांचा हिशोब. पण पाटी वाचून सूनही आत आली होती. ती हळूच म्हणाली, मग सकाळचा पेलाभर काढा मी काय झाडाला घालते? तो काढाही रक्तदाब उतरवणारा निघाला. गोळी आणि काढा मिळून आजोबांना आडवं करत होते.

विभागप्रमुख मागच्या बाकावर होते. काढ्यात काय काय घालतात ते त्यांनी सुनेला दोनदा विचारलं. आज पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लागलं. आमचा तास त्यात आहे. नाव दिलंय ‘एकत्र उपचार’. ते त्यांनी सांगितलं की कारकुनाने पाटी बघून परस्पर लिहिलं, हे विचारायला मी गेले नाही.

नवी पाटी नको. तू ये, आणि वहिनीला घेऊन ये. एकटा आलास तर तूही ‘काही नाही’ म्हणशील. मला कोणी कळवलं ते विचारू नये.

लोभ आहेच, तो घेऊन जायला ये.
तुझी ठकू


ता. १७ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

गुरुवारी येतो. शब्द बरोबर होता हे कॉलेजने छापून मान्य केलं, आनंद आहे. हे पत्र वहिनीच्या हातचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाला मी जबाबदार नाही. तिने माझ्या पुड्या आणि गोळ्या मला न विचारता एका डब्यात भरल्या आहेत. कोणाचं ऐकत नाही.

एक सांगतो. पाटीवरच्या ‘त्र’ची तिरपी रेघ शेवटाला जाड झाली आहे. तिथे मनगटाने दगा दिला. कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मला बरं कर, म्हणजे तेवढी एक रेघ दुरुस्त करून जाईन.

तोवर लोभ असू दे, आणि पाटीजवळ जास्त उजेड ठेवू नकोस.
तुझा दादा