आगळ आणि आगळं

नॉटिंगहॅम,
२७ जुलै २०२५

ती. ताईस,
शशिधरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं आणि व्हॉट्सॲपवर तू मला फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवतेस, म्हणून पुन्हा पत्र. आयुष्यभर माणसांना भूल दिली, पण तुला दोन वाक्यं ऐकवणं त्याहून अवघड आहे.

माझ्या द्राक्षांचं लिहितोय, पान उलटू नकोस. आमच्या सामायिक मळ्यात आम्ही सगळी रिटायर्ड मंडळी. बाकीच्यांच्या ओळी पांढऱ्या द्राक्षांच्या, माझी एकट्याची काळ्यांची. जात पिनो न्वार. तू पिनरला राहतेस, पण नावाशी तुझा काही संबंध नाही, उगाच रागावू नकोस. या थंडीत लाल वाइन होत नाही, हे आमच्या चेअर मार्गरेटबाईंचं पालुपद. मागच्या हंगामात जेमतेम नऊ बाटल्या निघाल्या. तीन मी आणि तुझ्या भावजयीने, शिल्पाने, खात्री करायला संपवल्या. उरलेल्या सहा १० ऑगस्टला मिल्टन कीन्सच्या टेस्टिंगला जाणार. तिथे वाइन नापास झाली, तर ओळ उपटून पांढरी लावायची, असं मीटिंगमध्ये ठरलंय. त्या वेलींना मी गारठ्यापासून जेवढं जपलंय, तेवढं स्वतःच्या गुडघ्यांना जपलं नाही. ओळ गेली तर मला फार लागेल, ताई.

वाइनचं नाव 'आगळं' ठेवलंय, आगळंवेगळं मधलं. आणि शिल्पाने मालवणहून तुझ्या मंगळागौरीच्या सोलकढीसाठी कोकमाचं आगळ आणलंय. तिचा कॅन गळायला लागला म्हणून माझ्याच रिकाम्या बाटल्यांत भरलं. तुझी नात तनया शनिवारी येतेय, दोन्ही खोकी तीच नेईल, एक तुझ्याकडे आणि एक टेस्टिंगला. घोटाळा नको म्हणून दोन्हींवर ठळक नावं लिहिली आहेत.

लोभ आहेच, तो आंबू देऊ नकोस.
तुझा
शशिधर

*

पिनर,
१२ ऑगस्ट २०२५

चि. शशिधर यास सुमनताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं वाइनपुराण वाचलं. पान उलटलं नाही, याचं पुण्य मला मिळो. आपल्या घराण्यात कोणी थेंबाला शिवलं नाही आणि तू म्हातारपणी मळा लावून बसलास. तरी देवापुढे बसून तुझ्या ओळीसाठी हात जोडले. वाइनसाठी नाही हं, फक्त ओळीसाठी.

आमच्या मंडळाची मंगळागौर अशी झाली की हॉलवाला विचारत होता तुमचा हा सण वर्षातून किती वेळा असतो. सगळं श्रेय शिल्पाच्या आगळाला. आधी नुसतं चाखून पाहिलं, यंदाचं जरा निराळं आहे रे. एरवी आगळ खारवलेलं असतं, यात मीठ मुळीच नाही, आणि जीभ धरून ठेवतं. मी नारळाचं दूध वाढवलं, मीठ, जिरं, मिरची, कोथिंबीर घातली, श्रावण म्हणून लसूण नाही. रंग असा आला की मंडळातल्या मालविकाने वाटीचे फोटो काढले. पहिली वाटी बायकांनी शिष्टाचार म्हणून घेतली, दुसरी मागून घेतली, तिसरीला रांग लागली.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. मालविकाचे दोन्ही गुडघे बदललेले, तिने फुगडीला माझे हात धरले ते सोडेचना. तिचा नवरा अतुल नुसता खुर्च्या उचलायला आला होता, तो एरवी हूं की चूं करत नाही. त्याने ओळीने चार उखाणे घेतले आणि चौथ्यात बायकोच्या नावाऐवजी हॅरो कौन्सिलचं नाव घेतलं. मीही पिंगा घातला. श्रावणात आगळ इतकं बाधतं हे मला माहीत नव्हतं. दुपारी मस्त झोप लागली.

शिल्पाला सांग, दुकान हेच धरून ठेव. तुझ्या परीक्षेचं काय झालं ते कळव.

लोभ असावा, पण बाटलीवर नसावा.
तुझी
ताई

*

नॉटिंगहॅम,
१२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितोय. नापास झालो.

टेस्टिंगच्या हॉलमध्ये पिकवणाऱ्याला जाऊ देत नाहीत, आम्ही बाहेर चहा पीत बसतो. मार्गरेटबाई डोळे पुसत बाहेर आल्या. मला वाटलं भारावल्या. तर ठसका लागला होता. त्या म्हणाल्या, डॉक्टर, यात दारूचा मागमूस नाही आणि मीठ आहे. एका परीक्षकाने ग्लास माशावर ओतून पाहिला आणि तेवढं मात्र छान लागलं म्हणाला. मी तरीही हुज्जत घातली, की थंड हवेतल्या लाल वाइनला आंबटपणा हवाच. त्या म्हणाल्या, आंबटपणा ठीक आहे, पण समुद्र?

ताई, नॉटिंगहॅमला समुद्र कुठून आणू? शिल्पा म्हणते, साखरेच्या डब्याशेजारी मिठाचा डबा असतो, वाइनला साखर घालताना तू कुठला उचललास? मलाही आता खात्री देता येत नाही. ३१ तारखेच्या मीटिंगमध्ये ओळ उपटायचा दिवस ठरेल. काल मळ्यात जाऊन आलो. द्राक्षं नुकती रंग धरू लागली आहेत. त्यांना काय सांगायचं ते सुचेना, तसाच परत आलो.

माया कमी करू नकोस, सध्या तिची गरज आहे.
तुझा
शशिधर

*

मिल्टन कीन्स,
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय शशीआजोबा आणि आजी,
दोघांना तनयाचा नमस्कार. सेम पत्र दोघांना पाठवते.

माझा एक मोठा चूक झाला आहे. आजीने मला तुमचा पत्र वाचून दाखवला आणि मला सगळा एकदम समजला. दोन्ही खोके सेम, दोन्ही बाटल्या लाल. एकावर 'आगळ' आणि एकावर 'आगळं'. त्या वरच्या टिंब मला पेनाची डाग वाटली. मी विचार केला, दोन्ही सेमच असणार, मग एक खोका आजीला आणि एक टेस्टिंगला. फेअर इनफ, नाही का?

म्हणजे आजोबा, टेस्टिंगच्या लोकांनी कोकम पिला. आणि आजी, तुमच्या सोलकढीत... आय ॲम सो सॉरी. मी शनिवारची मराठी शाळा परत जॉइन करते, प्रॉमिस.

माझ्यावर प्रेम ठेवा, प्लीज.
तुमची
तनया

*

पिनर,
२० ऑगस्ट २०२५

चि. शशिधर यास आशीर्वाद. किती ते नंतर ठरवते.

तनयाचं पत्र आलं. आधी मी देवापुढे बसले, मग मालविकाला फोन करायला उठले, मग पुन्हा बसले. मंडळातल्या कोणाला सांगायचं नाही असं ठरवलंय. मालविका रोज रेसिपी मागते आहे आणि अतुल पुढच्या मंगळागौरीलाही खुर्च्या उचलायला तयार आहे.

सत्याहत्तर वर्षं सांभाळलेलं एका टिंबात गेलं. तुझ्यावर इतकी चिडले होते की तुला लिहायला घेतलेले दोन कागद फाडले. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, द्राक्षांना काय सांगू ते सुचलं नाही असं लिहिलंयस ते. लहानपणी मांजर मेलं तेव्हाही तू अस्साच गप्प झाला होतास.

सहाही बाटल्या मी सोलकढीत रिकाम्या केल्या. म्हणजे तुझी वाइन कशी होती हे सांगायला, तुम्ही दोघं सोडलीत तर, आता इंग्लंडमध्ये मंडळाशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि मंडळात खरं माहीत असलेली मी एकटी. ३१ तारखेला मी येते. तनया आणून सोडेल, ती सध्या मी म्हणेन ते करते. मार्गरेटबाईंना सांग, साक्षीदार आहे. आणि जेवायला साधा वरणभात ठेवा, पातळ काही नको.

रागही लोभातच धरावा.
तुझी
ताई

*

नॉटिंगहॅम,
१ सप्टेंबर २०२५

चि. तनयास,
शशीआजोबाचे अनेक आशीर्वाद.

तू बाहेर गाडीत बसून राहिलीस म्हणून सांगतो आत काय झालं.

ताई नऊवारी नेसून, काठी टेकत, थेट मार्गरेटबाईंच्या समोरच्या खुर्चीत बसली. तिने इंग्रजीत सांगितलं की ती जन्मात कधी प्यालेली नाही, चुकून प्याली, आणि या विषयावर तिच्याइतकं निष्पक्ष माणूस तुम्हाला मिळायचं नाही. मग चव सांगितली. सुरुवातीला आंबट, चेरीसारखी. मग तुरट, उकळून ठेवलेल्या चहासारखी. आणि मागाहून उशिरापर्यंत काहीतरी गोड राहतं, ते काय ते तिला कळलं नाही. मार्गरेटबाई लिहून घेत होत्या. मी खिडकीकडे बघत होतो, कारण ती तंतोतंत बरोबर सांगत होती आणि मला रडू येत होतं.

एकाने विचारलं, भावासाठी तुम्ही खोटं कशावरून बोलत नाही? ताई म्हणाली, खोटं बोलायचं असतं तर मी दारू प्यालेच नाही असं बोलले असते. हॉल हसून लोळला. ओळीला एक वर्ष मिळालं. मार्गरेटबाईंनी माशासाठी दोन बाटल्या आगळ मागितलं, ते शिल्पा देईल.

नंतर ताईने मला ओळ दाखवायला सांगितली. तुझ्या हाताला धरून ती टोकापर्यंत चालली ते तू पाहिलंसच. तू गाडी वळवायला गेलीस तेव्हा मला जवळ बोलावून तिने सांगितलं, की पुढच्या श्रावणात मंडळाला सहा बाटल्या आगळ लागेल. खोक्यावर काय लिहायचं ते माझं मी बघावं, ती चष्मा लावणार नाही.

तुझ्यावरचा लोभ या भानगडीने वाढलाच आहे.
तुझा
शशीआजोबा